चुडामणची रेघ

नातवंडांच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा. भुसावळच्या फुटबॉल स्टेडियमचे गोलपोस्ट रेल्वेरुळांचे. चेंडू आपटला की वरणगावला ऐकू जायचं. तिथली काळी माती चुन्याच्या रेघा गिळायची. पुसट रेघेपायी पंचानं सत्याऐंशीच्या वरणगावविरुद्धच्या फायनलला गोलकीपर हिलालनं अडवलेला चेंडू गोल ठरवला. रेघा आखणारा हिलालचाच बाप, चुडामण. लोक टोचायचे, “नाना, तुम्ही पोराकडून का वरणगावकडून?” पुढच्या फायनलला रेघ दिसावी म्हणून त्यानं न विझवलेला चुनाच पसरला. शेवटच्या मिनिटाला घामाघूम हिलाल चेंडू अडवताना तोंडावर त्या चुन्यात पडला. लोकांनी डोळ्यांत पाणी ओतलं, तसा चुना उकळला. डोळे गेले. “आबा, वाचला ना गोल?” “हाव, पोरा.” पंचानं गोल नाकारला होता. पंचाचं तेवढं मी पदरचं घातलंय. रेघ लख्ख होती, म्हणूनच पंचाला चेंडू आत गेलेला दिसला.