सगळ्यात मोठा धोका

"तुमच्या धंद्याला सगळ्यात मोठा धोका कोणता?" इंदूरच्या गुंतवणूकदारांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं.

देवासात घरबसल्या पाण्याचा टँकर मागवायचं ॲप मी काढलं, त्याला वर्ष होत आलं. ज्याला दाखवावं तो "छान, छान" म्हणून वाटेला लावतो. टँकरवाले भिया तर तोंडावरच म्हणाले, "मॅडम, लोग फोन लगा देते हैं ना, ॲप का क्या करना?" वैताग आला होता नुसता. आज पहिल्यांदा कोणीतरी पैसे घालायची भाषा करत होतं.

"धोका काहीच नाही सर," मी ठासून सांगितलं. "आमच्याकडे पाण्याची बोंब कायमचीच आहे."

तेवढ्यात मागच्या अंगणातून आई आनंदाने ओरडली. टँकरमागे बादल्या वाहून वाहून जिचा खांदा कामातून गेलाय, ती माझी आई.

"अपूर्वा, नळ आले गं! नवी लाईन सुरू झाली. आता रोज येणार म्हणे!"

मी लॅपटॉपच्या माइकवर हात दाबला आणि तिच्यावर खेकसले, "हळू बोल ना आई! ते ऐकतील!"