पायाळू

"कसला वं हा डॉक्टर! पाठीला हात लावायच्या आधी फोटो मागतो. या वयात माझी सोयरीक जुळवतो का काय?" मथुराबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या.

योगिता हसली नाही. एरवी हसली असती.

डॉक्टर मणके बसवणारे. 'कट्' आवाज झाला की पाठ मोकळी, असं इतवारा पेठेत त्यांचं नाव. पण एक्स-रे बघितल्याशिवाय ते कुणाला पालथं झोपवत नसत. त्यांनी फिल्म उजेडावर धरली आणि बराच वेळ खाली घेतलीच नाही.

"माताजी, मैं हाथ नहीं लगाऊँगा. हा मणका चेपलाय. न बघता दाबलं असतं तर पाय गेले असते. हाडाच्या डॉक्टरकडे पाठवतो. पण झालं कसं? पडलात?"

"मोरीत घसरली."

"मघाशी म्हणालात, वाकताना उसण भरली."

"उसण भरली, मंग घसरली."

धर्मेंद्र, मुलगा, मोबाईलमध्ये केळीचे भाव बघू लागला. भाव सकाळीच बघून झाले होते.

"हे बघा, मार लागला असेल तर गोष्ट वेगळी. नुसतं वाकून हाड चेपलं असेल तर आजार मोठा, तपासण्याही मोठ्या. सच बताओ."

मोबाईल खिशात गेला. "आमच्यात असतं ना साहेब... उसण भरली की पायाळूची लाथ. ही पायाळू, जन्मली ती पायाकडून. आमच्या फोपनार गावचे सगळे हिच्याकडेच येतात. नुसता पाय लावायचा असतो, तीनदा. हलकाच."

डॉक्टरांनी फिल्मकडे बघितलं, मग योगिताच्या पायांकडे. तिनं ते खुर्चीखाली ओढून घेतले.

"हलक्या पायानं हे होत नाही."

"आत्या..." योगिता म्हणाली. धर्मेंद्र भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत राहिला, जणू तिथं उत्तर लिहिलंय.

मथुराबाईंनी पदर सारखा केला. तो सारखाच होता.

"दोन हलक्याच होत्या," त्या सुनेकडे न बघता म्हणाल्या. "तिसरीच्या आधी मी, पालथी पडल्या पडल्या, हिच्या मेलेल्या आईचा उद्धार केला."