उजव्या बाजूचा चेहरा

"हनुवटी जरा वर. अजून थोडी," शिल्पकार म्हणाला.

मागच्या खोलीत शिलाई मशिनं दुरुस्त करणारा मिस्त्री आज बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसला होता, अंग चोरून. त्याच्यासमोर तिपाईवर ओल्या मातीचं डोकं होतं. ती दाराशी उभी होती. दोन्ही चेहरे समोर होते, पण ती फरशीकडे पाहत होती.

चौकात शौर्यपदक मिळालेल्या जवानाचा पुतळा बसणार होता. ती त्याची पत्नी. तिच्याकडे त्याचा फोटो एकच, लग्नातला, तोही पुसट. शिल्पकाराने हात टेकले होते. मग त्याला मिस्त्री दिसला.

"हे तुमचे धाकटे दीर ना? चेहरेपट्टी तीच असणार."

"भावाभावांत थोडंफार साम्य असतंच," ती म्हणाली होती. "पण त्यांचा डावा गाल बघा. कारखान्यात बॉयलर फुटला तेव्हाचं आहे ते."

"उजव्या बाजूवर भागवू की."

तिला नाही म्हणता आलं नाही. इतक्या वर्षांत शाळांच्या बोलावण्यांना, सत्कारांना, गळ्यात पडणाऱ्या हारांना, कशालाच नाही म्हणता आलं नव्हतं.

स्मारक समितीचे अध्यक्ष चष्मा पुसत मातीच्या डोक्याभोवती फिरले. "नाक जमलंय. डोळ्यांत मात्र जरब हवी. एकट्याने पूल धरून ठेवला होता त्याने, शेवटच्या गोळीपर्यंत. सगळी तुकडी पलीकडे सुखरूप पोचली."

"आणि तो पळाला असता तर?" स्टुलावरून मिस्त्रीने विचारलं.

शिल्पकाराचा हात थांबला. अध्यक्ष हसले. "पळणाऱ्याला पदक कोण देतं, मिस्त्री? सख्ख्या भावाबद्दल असं बोलू नये."

"भाऊजींना थट्टेची सवय आहे," ती घाईघाईने म्हणाली.

तेवढ्यात मुलगी आत आली. अंगावर नवाकोरा गणवेश, बुटांचा करकर आवाज. वडील गेल्याची तार आली तेव्हा ती पाळण्यात होती. आता सोमवारी सरहद्दीवर रुजू व्हायचं होतं, वडिलांच्याच पलटणीत. हट्ट धरून मागून घेतली होती तिने.

ती मातीच्या चेहऱ्यासमोर उभी राहिली.

"काका, बाबा खरंच असे दिसायचे?"

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. "तुझ्यासारखे दिसायचे."

मुलीने टाचा जुळवल्या आणि मातीला कडक सलाम ठोकला. मिस्त्रीचा हात उचलला गेला आणि अर्ध्यातूनच मांडीवर पडला.

शिल्पकार हात धुऊन निघाला. मुलगी अध्यक्षांना सोडायला चौकापर्यंत गेली. मिस्त्री स्टुलावरच बसून राहिला.

"आता नाही जमायचं मला," तो म्हणाला. "ती जायच्या आत खरं काय ते सांगून टाकू या. त्या पुलासारखा पूल तिच्याही वाट्याला येईल, आणि ती तिथे उभी राहील. बाप उभा राहिला होता म्हणून."

तिने दाराला कडी घातली. परत आली ती त्याच्यासमोर खाली फरशीवरच बसली.

"अहो," ती म्हणाली, "तुमची एकुलती एक लेक आहे ती. तिच्यासाठी मेलेलेच राहा."