दुसरी केस

वैद्यकीय ग्रंथालयात संशोधन-लेख शोधायला शिकवणारी कार्यशाळा चालू होती. विद्यार्थ्यांमध्ये एक शाळामास्तर येऊन बसले होते. "माझ्या मुलीचा आजार आमच्या डॉक्टरांनी आधी कधी पाहिलेलाच नाही," ते ग्रंथपाल बाईंना म्हणाले. "जगात दुसरं कुणी त्यातून बरं झालंय का, तेवढं बघायचंय."

मास्तरांनी संगणकावर सगळी हकीकत टाइप केली. निकाल शून्य.

"अहो सर, अख्खा निबंध लिहिलात तर तो बिचारा काय शोधणार?" बाई हसल्या. मग त्यांनी नेमके शब्द कसे निवडायचे ते दाखवलं. आजाराचं जुनं नाव घालून पाहिलं, नवं घालून पाहिलं. शेवटी पडद्यावर एकच लेख आला, नुकताच छापलेला.

"सापडली की हो केस! म्हणजे तुम्ही एकटे नाही," बाई म्हणाल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तरांनी लेख उघडला. आत एका लहान मुलीचा फोटो होता. ओळख पटू नये म्हणून तिच्या डोळ्यांवर काळी पट्टी छापली होती. मास्तरांनी पडद्यावरच्या फोटोवर बोट ठेवलं.



"मॅडम," ते म्हणाले, "ही आमचीच चिमी आहे."