इंग्रजी बोलून दाखव

आईच्या पायाला प्लास्टर नव्हतं. ती स्टुलावर टाचा उंचावून उभी होती आणि वरच्या फळीवरच्या चांगल्या कपबश्या काढत होती. हेमलता पाठीवरच्या बॅगेसकट स्वयंपाकघराच्या दारातच थांबली.

"तू पडली होतीस ना?"

सुनंदाबाई सावकाश खाली उतरल्या. "आली का? तोंड धुऊन घे. जांभळी साडी काढून ठेवली हाय."

"पाय मोडला म्हणून आबांनी फोन केला. मी क्लास सोडून जळगावहून धावत आले. रविवारी परीक्षा आहे माझी."

"खरं सांगितलं असतं तर तू आली असती?"

हेमलतानं पाठीवरची बॅग उतरवली. बोदवड स्टेशनवर घ्यायला आलेला तिचा भाऊ नवल वाटभर तोंड पाडून मोटरसायकल चालवत होता. ते तोंड कशासाठी पाडलं होतं, ते तिला आता कळलं.

बाहेरच्या खोलीतून अनोळखी माणसांचे आवाज येत होते. तिचे वडील, जीवराम आबा, आत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "नुसते पाहायले आले ते, हेमा. पाहिल्यानं काही लगन लागत नाही. भल्या घरचे लोक हाय. त्यायच्यासमोर माझी मान खाली नको घालू."

तिनं साडी नेसली. चिडून निऱ्या खोचल्या, त्या दोनदा सुटल्या.

मुलगा, ललित, नाशिकला कंपनीत होता. त्याला सुट्टी मिळाली नव्हती. त्याचे वडील रतिलालभाऊ, आई कमलबाई आणि मोठ्या भावाची बायको भाविका असे तिघं आले होते. पोहे झाले, चहा झाला. नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारून झालं. हेमलता विचारतील तेवढंच बोलत होती. तिच्या डोळ्यांतला राग त्यांना लाजरेपणा वाटत असावा, कारण कमलबाई दोनदा म्हणाल्या, "पोरगी गरीब हाय."

मग रतिलालभाऊ पुढे सरकून बसले. "ललितले साहेब लोकांत वावरावं लागतं. तुले इंग्रजी येतं म्हणे, बेटा. थोडं बोलून दाखव."

"फाडफाड बोलते," जीवराम म्हणाले.

हेमलतानं मान वर केली. परीक्षेसाठी ती रोज शब्द पाठ करायची. फसवण्या-पकडण्याचे सगळे शब्द पुस्तकात एकाच पानावर होते आणि सकाळी रेल्वेत तिनं तेच पान घोकलं होतं. ते असे कामाला येतील, असं तिला वाटलं नव्हतं.

ती इंग्रजीत सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. माझ्या आईचा मोडलेला पाय हा लूअर होता, म्हणजे आमिष. भाऊ डिकॉय होता. शिकारी पुढे सोडतात तसलं शिकवलेलं पाखरू. तुम्ही या खोलीत दबा धरून बसलात, त्याला अँबुश म्हणतात. आणि ही साडी म्हणजे स्नेअर, फास. मी स्वतःच्या हातानं तो गळ्यात घातला. मला परत जायचं आहे.

ती थांबली. आता कुणीतरी उठेल, असं तिला वाटलं.

जीवरामांचे डोळे भरून आले होते. नवल मोबाईलमध्ये व्हिडिओ काढत होता.

"कुठं अडखळली नाही," रतिलालभाऊ कौतुकानं म्हणाले. "मदर, ब्रदर, एवढं मले समजलं. भाविका, तू तर इंग्रजी घेऊन बी.ए. झाली. काय म्हणे ती?"

हेमलतानं भाविकाकडे पाहिलं. भाविकानं तोंडाशी नेलेली बशी खाली ठेवली. तिला सगळं समजलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. सांग, हेमलता मनात म्हणाली. सांगून टाक.

"आईवर फार जीव आहे म्हणते," भाविका म्हणाली. "आई-भावाला सोडून जाणं जड जाईल म्हणते."

कमलबाईंनी पदरानं डोळे टिपले. रतिलालभाऊंनी मांडीवर थाप मारली. "झालं. आपल्याकडून पसंत हाय."

पेढे फिरले. हेमलता रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन आत आली आणि तो ओट्यावर आपटला. मागोमाग भाविका आली. तिनं नळ सोडला, एक कप विसळायला घेतला.

"तुम्हाला कळलं होतं," हेमलता म्हणाली.

"हो."

"मग खोटं का सांगितलंत?"

"खरं सांगितलं असतं तर तुझ्या वडिलांनी तुला घरात बसवलं असतं. आता सगळे खूश आहेत. रविवारच्या परीक्षेला कुणी अडवणार नाही." भाविकानं कप पालथा घातला. "संध्याकाळीच जा. नकार जळगावहून फोनवर सांग. समोर बसून सांगू नकोस, समोर बसलं की जमत नाही."

हेमलताला तिच्यावर रागवावं की तिचे हात धरावेत, ते कळेना. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "मग तुम्ही का नाही गेलात?"

भाविकानं नळ बंद केला.

"मलाही इंग्रजी बोलून दाखवायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी कविता म्हटली. एक ओळसुद्धा चुकले नाही."