बटणाचा शेवट

शिवणकाम करणाऱ्या मावशींची कथा मासिकात छापून आली, म्हणून लेखकगटाच्या बैठकीला केक आला. जो तो आपापला वाटा सांगू लागला. "सुरुवात मी कापायला लावली," ग्रंथपाल म्हणाले. "आणि बटणाचा तो रडका शेवट मी काढायला लावला!" दातांचे डॉक्टर म्हणाले. "वाचा आता, मावशी." मावशी मासिकाची पानं उगाच चाळत राहिल्या. त्यांनी कुणाचंच न ऐकता पहिलाच खर्डा मासिकाकडे धाडला होता. हे उघड झालं तर गट सुटणार, आणि घरी त्यांच्या गोष्टी ऐकायला कुणाला सवड नव्हती. नाइलाजानं वाचलं. शेवटी वारलेल्या नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण आलं, तसे डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसू लागले. "काय शेवट आहे! ते बटण मीच सुचवलं होतं ना?" "तुमच्याशिवाय कोण सुचवणार?" म्हणत मावशींनी मासिक मिटलं आणि त्यांच्यासाठी केकचा मोठा तुकडा कापला.