वखारीतलं ट्रेनिंग

दरवाजा आतून उघडत नाही हे कळलं, तेव्हा इंदूरहून आलेले सर पॉझिटिव्ह विचारांवर बोलत होते. लाइट गेली होती. लाइट गेल्यावरही दहा मिनिटं त्यांनी अंधारातच पॉझिटिव्ह विचार शिकवला.

कंपनी वाढू राहिली म्हणून ट्रेनिंग हॉल पाहिजे होता. मालक लीलाधरशेठनी आपली जुनी केळी पिकवायची वखार रंगवून दिली. खिडकी एक नाही, भिंतीत थर्माकोल, दरवाजा वीतभर जाड, मोबाइलला रेंज शून्य. दरवाजाचा आतला दांडा प्रोजेक्टरच्या पडद्याला आडवा येतो म्हणून मॅनेजर दिगंबर साहेबांनी तो कापायला लावला. आता बाहेरची मूठही नुसती गरगर फिरत होती. आत शेठ, दिगंबर साहेब, सर आणि कंपनीचं भविष्य म्हणून निवडलेली अकरा पोरं.

निंबा बाहेर होता. एकोणीस वर्षं इथला फिटर. त्याने फोरमनची जागा मागितली, तर साहेब म्हणाले, त्याला ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं. ट्रेनिंगला बसवा म्हटलं, तर म्हणाले, ते नव्या स्टाफसाठी आहे. जागा श्रीकांतला मिळाली. तेवीस वर्षांचा, डिप्लोमावाला. छिन्नी धरायची कशी हे त्याला निंबानेच दाखवलं होतं. आज निंबाला काम काय, तर आत समोसे पोचवायचे.

धपाधप आवाज ऐकून त्याने ताट ओट्यावर ठेवलं आणि दरवाजाला कान लावला.

"निंबा, उघड ना भाऊ," शेठ आतून म्हणाले. "जीव गुदमरू राह्यला."

"शेठ, फोरमन आत आहे ना?"

"आहे की."

"मग त्याले सांगा. दरवाजा काढणं फोरमनचं काम आहे."

आत कुजबुज झाली. मग दिगंबर साहेबांचा आवाज आला, की निंबा, तुझी नोकरी जाईल.

"हो साहेब. बाहेर या आणि घ्या."

निंबाचे कान तापले होते. एकोणीस वर्षांत तो साहेबाला असं बोलला नव्हता. त्याने एक समोसा उचलला आणि न खाताच परत ताटात ठेवला.

बऱ्याच वेळाने अगदी दरवाजाजवळून श्रीकांत बोलला. "निंबाभाऊ, मले नई येत."

"जोरात बोल. शेठले ऐकू जाऊ दे."

श्रीकांत जोरात बोलला. वखारीत तो आवाज चांगला घुमला.

मग निंबाने हातोडा आणला. दरवाजा बाहेर उघडणारा, बिजागऱ्या बाहेरच. दोन पिना ठोकून काढल्या आणि तिसरी काढताना ओरडून बजावलं, की मी सांगेपर्यंत कोणी हात लावू नका. पण आत सरांना धडा सापडला होता. टीमवर्क. एक, दोन, तीन म्हणत अकरा जणांनी मिळून दरवाजा लोटला. निंबा उडी मारून बाजूला झाला. दरवाजा ओट्यावरून घसरला आणि सावलीत उभ्या केलेल्या दिगंबर साहेबांच्या नव्या मोटारसायकलवर जाऊन पडला. समोसे मधे सापडले.

सर घाम पुसत बाहेर आले. असा प्रॅक्टिकल अनुभव फार कमी कंपन्यांना मिळतो म्हणाले आणि तिथेच, उन्हात, अकरा सर्टिफिकेटं वाटली. श्रीकांतला एक जादा, संकटकाळी नेतृत्व केल्याबद्दल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निंबा मोटारसायकलच्या चेपलेल्या टाकीखालून समोशांचं ताट ओढून काढत होता.

चार वाजता श्रीकांत कोरा कागद घेऊन त्याच्याजवळ आला.

"भाऊ, साहेब म्हणतात दरवाजा पाडल्याची नोटीस द्या. तुमले. कशी लिहू, समजत नई राह्यलं."

निंबाने त्याच्याकडे पाहिलं. मग हात पुसले, पिंप उलटं करून त्याला बसायला दिलं आणि कागद सरळ करून त्याच्यासमोर ठेवला.

"लिही. दरवाजा बंद झाला तेव्हा फोरमन आत होते. फिटर निंबा बाहेर होता. त्याने तो का उघडला, याचा आठ दिवसांत खुलासा करावा."

श्रीकांतने शब्द न् शब्द उतरवला आणि खाली फोरमन म्हणून आपली पहिली सही केली.